देवटेकचा शिलालेख आणि संदर्भांची मोजदाद

संशोधन-नियतकालिकातील तळटीप हा ऋणनिर्देश असतो, तशीच ती मतभेदाची नोंदही असते. हे दुसरे अंग मोजदादीत हरवते. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरातल्या देवटेक येथील शिळेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

एकाच शिळेवर वेगवेगळ्या काळांतील दोन लेख आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७७ मध्ये त्यांची नोंद केली. वा. वि. मिराशी यांनी १९३५ च्या म्हैसूर येथील प्राच्यविद्या परिषदेत त्यांचे नवे वाचन मांडले. जुन्या लेखात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई आहे. मिराशींनी त्याचा संबंध अशोकाच्या शासनाशी जोडला. दुसरा लेख वाकाटक नृपती पहिल्या रुद्रसेनाचा ठरवला आणि त्यातील स्थळनाम जवळच्याच चिकमारा गावाशी जुळवले. येथे कनिंगहॅमचा संदर्भ येतो तो दुरुस्तीसाठी. मोजणाऱ्याच्या वहीत मात्र तो केवळ 'एक' असतो.

पुढचा प्रवास अधिक बोलका आहे. मिराशींचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा मराठी ग्रंथ १९५७ चा. त्यांचा वाकाटक लेखांचा इंग्रजी संग्रह १९६३ चा. बाहेरच्या अभ्यासकांच्या तळटीपांत प्रामुख्याने दुसराच येतो. विचार आधी मराठीत ग्रंथबद्ध झाला आणि श्रेय इंग्रजीच्या खात्यावर जमा झाले.

२०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या लेखनाला गुण दिले. पुढे मान्य नियतकालिकांची यादी आली. २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नियतकालिके वगळली गेली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. निवडीची जबाबदारी आता संस्थांवर आहे. याद्या बदलल्या, परंतु मराठी लेखाचा पुढे कोणी, कशासाठी उपयोग केला, हे सांगणारी सूची काही त्यांतून निर्माण झाली नाही.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तेथील विद्यार्थ्यांनी विदर्भ संशोधन मंडळाच्या वार्षिकाचे जुने अंक घेऊन प्रत्येक तळटीपेपुढे 'आधार', 'दुरुस्ती' की 'नुसता उल्लेख' एवढे जरी नोंदवले, तरी मराठी संशोधनाचा एक खरा इतिहास हाती येईल. संदर्भांची संख्या त्यानंतर मोजावी.