माळवद गेलं तरी ढाळज हवी

आज विषय घरचाच आहे. हिंगोलीतला आमचा वाडा पाडून तिथे चार मजली अपार्टमेंट करायचं चाललंय. बिल्डरने पाठवलेल्या पीडीएफमध्ये दर्शनी बाजूला दगडासारख्या टाइल्स आणि सिमेंटची कमान आहे. म्हणे, "जुन्या गल्लीला शोभेल." तळमजल्यावर नुसते खांब आणि पार्किंग.

गल्लीला शोभेल म्हणजे नेमकं काय? आपल्या मराठवाड्यातला वाडा आठवा. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचं माळवद. भर उन्हाळ्यात आत गारवा. दारातून शिरलं की ढाळज. ती अर्धी घराची, अर्धी गल्लीची. आजीची दुपार तिथेच जाते, आणि अख्ख्या गल्लीची खबरही तिला तिथेच मिळते. पुढे चौक, उजेड-वारा त्यातून.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत याच बांधणीने घात केला. मातीतल्या भिंती फाटल्या आणि माळवदाची मणामणांची माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्यामुळे 'वाडा आहे तसाच ठेवा' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी आपल्या जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, तेव्हा बाबांनी आजीला हाताला धरून रस्त्यावर आणलं. वाडा पाडायचं त्याच दिवशी ठरलं.

किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. आखीव रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. घरं भक्कम झाली, पण जुन्या गल्लीचा दाटपणा, दाराला लागून दार, ते त्या आराखड्यात बसलं नाही.

आणि नवं म्हणजे सुरक्षित, असंही नाही हं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दूर अहमदाबादेत अपार्टमेंट कोसळली. त्यातल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला आमच्या पीडीएफसारखाच होता, नुसत्या खांबांवर उभा. वरचे मजले भिंतींनी ताठ, खालचा मोकळा. मग हादरा बसला की सगळा ताण खालच्या खांबांवर.

म्हणून आम्ही आर्किटेक्टला सांगितलंय : टाइल्स आणि कमान काढा. तळमजल्यावर काँक्रीटच्या भिंती घ्या, मध्ये चौक सोडा आणि रस्त्याच्या बाजूला बसायला खरी ढाळज द्या. यात दोन गाड्यांची जागा जाते.

बाबा तयार आहेत. काकांची कार मागच्याच दिवाळीत आलीय, ते अजून बोलत नाहीयेत.