पेल्याचा आकार कोण ठरवितो?

आपल्या घरांत पाण्याचें फुलपात्र निराळें, ताकाची वाटी निराळी आणि चहाची कपबशी निराळी. हा भेद आपणांस कोणीं मुद्दाम शिकविलेला नसतो; तो लहानपणापासून हातास ठाऊक असतो. युरोपांत हाच भेद कांचेच्या पेल्यांत फार बारकाईनें पाळण्यांत येतो. तेथील मेजवानीच्या वेळीं एकाच माणसापुढें तीन-चार आकारांचे पेले मांडलेले असतात, आणि पाहणाऱ्यास तो नुसता थाट वाटतो. परंतु त्या थाटामागें शास्त्र आहे, आणि शास्त्राच्याहि मागें थोडा राजकारणाचा इतिहास आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. थंड द्राक्षमद्याच्या पेल्यास दांडा असतो. दांडा धरला म्हणजे हाताची ऊब मद्यापर्यंत पोंचत नाहीं. ब्रँडीचें याच्या उलट आहे. तिचा पेला बुटका, पोटाशीं फुगीर व तोंडाशीं निमुळता असतो. तो तळहातावर घ्यावयाचा, म्हणजे उबेनें सुटलेला सुगंध तोंडाशीं कोंडून राहतो. शांपेनचे बुडबुडे पसरट पेल्यांतून लौकर निघून जातात, म्हणून तिला उंच व अरुंद पेला बरा. बोहेमियांतील पिल्सेन शहरीं १८४२ सालीं सोनेरी रंगाची नितळ बिअर तयार झाली, तेव्हां तिचा रंग दाखविणारा कांचेचा पेला मातीच्या मगापेक्षां तिला अधिक शोभूं लागला.

पण असा पेला घडविण्यास कांचहि तशीच हवी. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें आगीच्या भयानें १२९१ सालीं आपल्या कांचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. पंधराव्या शतकांत तेथील कारागिरांनीं स्फटिकासारखी स्वच्छ कांच साधली. ती पातळ व सुबक होती. परंतु तिच्यावर खोल नक्षी कापतां येत नसे. पुढें लंडनमधील जॉर्ज रेव्हनस्क्रॉफ्ट नांवाच्या व्यापाऱ्यानें १६७४ सालीं नव्या कांचेचें पेटंट मिळविलें. आरंभीं तिच्यावर बारीक चिरांचें जाळें पसरून ती आंधळी होत असे. मिश्रणांत शिशाचें भस्म घातल्यावर हा दोष १६७६ च्या सुमारास बराच दूर झाला. ही कांच जड, तेजस्वी आणि टिचकी मारली असतां घंटेसारखी वाजणारी होती.

येथून पुढें पेल्याच्या इतिहासांत सरकारचा हात दिसूं लागतो. १७०३ च्या मेथ्यूएन तहानें पोर्तुगालच्या मद्यावरील जकात फ्रेंच मद्याच्या जकातीहून एकतृतीयांशानें कमी ठरली, आणि इंग्रजांच्या मेजावर पोर्ट हें मद्य रूढ झालें. तें कडक असल्यामुळें त्यास लहान पेला पुरे. नंतर १७४५ सालीं पार्लमेंटानें कांचेच्या कच्च्या मालावर वजनाप्रमाणें कर बसविला. शिसें तर जड! साहजिकच इंग्लंडांतील कारागिरांचा कल हलक्या पेल्यांकडे वळला, आणि खोल कापकामापेक्षां वरवरची कोरीव नक्षी व मिन्याचें काम सोयीचें ठरलें.

आयर्लंडांत हा कर नव्हता. तथापि तेथील कांच परदेशीं पाठविण्यास बंदी होती. १७८० सालीं ती उठतांच इंग्लंडांतील कांहीं कारागीर तिकडे गेले. १७८३ सालीं वॉटरफर्ड येथें कारखाना निघाला आणि तेथील जड, खोल कापलेले पेले नांवाजले गेले. परंतु १८२५ सालीं हाच कर आयर्लंडावरहि लादण्यांत आला आणि धंदा उतरणीस लागला. पंतप्रधान पील यांनीं १८४५ सालीं कर रद्द केला खरा. पण वॉटरफर्डचा कारखाना सांवरला नाहीं, आणि १८५१ सालीं तो बंद पडला. कायदा एका दिवसांत रद्द होतो; पांगलेले कसबी हात तितक्या सहज पुन्हा एकत्र येत नाहींत. त्याच नांवाचा नवा कारखाना तेथें उभा राहण्यास पुढें जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं.

ज्या शिशानें या कांचेस तेज दिलें, त्याचीहि दुसरी बाजू आतां कळली आहे. अशा कांचेच्या सुरईंत मद्य दिवसेंदिवस सांठवून ठेविलें, तर त्यांत शिसें उतरतें, आणि तें आरोग्यास घातक आहे. म्हणून आज बिनशिशाची स्फटिकासारखी कांच तयार करण्यांत येते.

तेव्हां एखाद्या संग्रहालयांत जुना पेला दिसला, तर तो कोणत्या पेयाचा एवढेंच विचारून पुढें जाऊं नये. तो इतका हलका कां, किंवा इतका जड कां, हेंहि विचारावें. त्याचें उत्तर पेयांत मिळालें नाहीं, तर तें बहुधा त्या काळच्या कराच्या कायद्यांत सांपडेल.