टनेल डायोड

(एसाकी डायोड). अशुद्धीचे प्रमाण फार जास्त ठेवलेल्या अर्धवाहकाच्या पी-एन संधीपासून बनवलेला, पुंज सुरंगनावर चालणारा डायोड. ठरावीक मर्यादेत दाब वाढवला की यातील प्रवाह वाढण्याऐवजी घटतो. या गुणाला ऋण रोध म्हणतात.

शोध : जपानी भौतिकीविज्ञ लिओ एसाकी (जन्म १९२५) आज सोनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोकियोतील कंपनीत जर्मेनियमच्या संधींवर काम करीत होते. अशुद्धी वाढवून संधी किती अरुंद करता येते, हे तपासताना १९५७ मध्ये त्यांना हा परिणाम आढळला. पुढच्याच वर्षी त्यांचा शोधलेख ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. १९७३ चे भौतिकीचे नोबेल त्यांना इव्हार येव्हर आणि ब्रायन जोसेफसन यांच्यासह विभागून मिळाले.

रचना : साध्या डायोडमध्ये कोटी अणूंमागे एखादा अशुद्धीचा अणू पुरतो, टनेल डायोडमध्ये हजारामागे एक इतके प्रमाण असते. त्यामुळे संधीवरचा वाहकशून्य पट्टा सुमारे १० नॅनोमीटर इतकाच रुंद राहतो. जर्मेनियम, गॅलियम आर्सेनाइड व गॅलियम अँटिमोनाइड हे पदार्थ यासाठी वापरतात.

कार्य : अभिजात भौतिकीनुसार पुरेशी ऊर्जा नसलेला इलेक्ट्रॉन संधीचा अडथळा ओलांडू शकत नाही. पुंजयामिकीत मात्र इलेक्ट्रॉन तरंगरूपही असतो. अडथळा पुरेसा पातळ असेल, तर तो पलीकडे सापडण्याची शक्यता शून्य नसते. अट एकच, पलीकडे त्याच ऊर्जेची जागा रिकामी हवी.

एन बाजूच्या संवहन पट्टाचा तळ इलेक्ट्रॉनांनी भरलेला असतो, तर पी बाजूच्या संयुजा पट्टाच्या माथ्याशी जागा रिकाम्या असतात. अग्र दिशेने थोडा दाब देताच हे दोन थर समोरासमोर येतात आणि प्रवाह झपाट्याने वाढतो. जर्मेनियममध्ये ५० ते ६५ मिलिव्होल्टच्या आसपास तो शिखर गाठतो. दाब आणखी वाढवला की इलेक्ट्रॉनांसमोर निषिद्ध ऊर्जापट्टा येतो. तेथे जागाच नसल्याने सुरंगन मंदावते आणि प्रवाह घसरतो. सुमारे ३५० मिलिव्होल्टला तळ लागतो व त्यापुढे साध्या डायोडसारखा प्रवाह वाढू लागतो. विरुद्ध दिशेने दाब दिल्यास हा डायोड प्रवाह अडवत नाही. उलट लगेच वाहू देतो.

उपयोग : वेटोळे आणि धारित्र यांच्या मंडलातील आंदोलने रोधामुळे विरत जातात. ऋण रोध ही हानी भरून काढतो, म्हणून आंदोलने टिकतात. या तत्त्वावर सूक्ष्मतरंग आंदोलक व कमी गोंगाटाचे विवर्धक बनवले गेले. डायोडमधील प्रवाह शिखराच्या किंचित खाली ठेवला, तर एका बारीक स्पंदानेही दाब क्षणात पुढच्या चढावर उडी घेतो. नॅनोसेकंदाहूनही कमी वेळात होणाऱ्या या बदलाचा उपयोग ऑसिलोस्कोपच्या ट्रिगर मंडलांत झाला. अंतराळयानांच्या बहुसंधी सौरघटांत एकावर एक रचलेल्या घटांना जोडणारा दुवा टनेल संधीच असतो. तो नसेल, तर मधली उलटी संधी प्रवाह अडवील.

मर्यादा : दोनच अग्रे असल्याने निवेश व निर्गम वेगळे ठेवता येत नाहीत, मिळणारी शक्तीही अल्प असते. ट्रान्झिस्टर वेगवान होत गेले तसा सुटा टनेल डायोड मागे पडला. तत्त्व मात्र टिकले. एसाकी व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलेल्या अनुस्पंदी सुरंगन रचनेतून पुढे एक टेराहर्ट्झहून अधिक कंप्रतेचे आंदोलक घडले.