जुगाडातून जन्मलेला कागद

गिफ्टचा कागद न फाडता उघडून घडी घालून ठेवणाऱ्याला मित्रमंडळी 'चिक्कू' म्हणतात. मी त्यातलाच. पण इतिहास आमच्या बाजूने आहे!

साल १९१७, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी. ऐन नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातला टिश्यू पेपर संपला. तेव्हा भेटवस्तू त्यातच गुंडाळत. मग रॉली हॉलने पाकिटांना आतून लावायचे नक्षीदार फ्रेंच कागद मांडले, १० सेंटला एक. हातोहात खपले! पुढच्या वर्षी २५ सेंटला तीन, तेही संपले. याच भावांची कंपनी पुढे 'हॉलमार्क' झाली. म्हणजे बघा, हा धंदा उभा राहिला तो 'हाताशी आहे ते वापरा' यावर.

पूर्वी पुडकं दोऱ्याने बांधून लाखेने बंद करत. १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टी आली. काम सोपं झालं, पण उघडताना कागद फाटायला लागला. म्हणून मी टेप टाळतो, रिबिनीने बांधतो. साध्या कागदावर उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवायची (प्लास्टिकच्या चकचकीत कागदावर नको) आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवायचा. कडा फाटल्या असतील तर कापून छोट्या डब्यांना वापरायचा.

असो. कोणी चिक्कू म्हटलंच, तर त्यांना रॉलीची गोष्ट सांगा.