घरगुती कार्यशाळेतील अवजारे

घर, गोठा, शेत आणि वाहन यांची किरकोळ दुरुस्ती करता यावी, तसेच लहान वस्तू घरच्या घरी तयार करता याव्यात, यासाठी एका जागी केलेल्या अवजारांच्या मांडणीला घरगुती कार्यशाळा म्हणतात. तिच्यासाठी स्वतंत्र खोली असावीच लागते असे नाही. पडवीचा कोपरा, मळ्यातील पंपाची खोली किंवा भिंतीवरची एक फळी एवढ्यावरही ती उभी राहते. मोजणे, धरणे, कापणे आणि जोडणे ही चार कामे जिथे नीट व निर्धोकपणे करता येतात, ती कार्यशाळा पुरेशी मानली जाते. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरासारख्या बागायती भागात पंप, फवारणी यंत्र व ठिबक सिंचन यांच्या देखभालीसाठी अशा कार्यशाळेचा विशेष उपयोग होतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या पारंपरिक ग्रामव्यवस्थेत अवजारांचे काम बलुतेदारांकडे असे. नांगर, कुळव, पाभर, मोटेचे लाकडी साहित्य आणि बैलगाडी यांचे काम सुतार करी. फाळ, विळे, कुऱ्हाडी व गाडीच्या धावा यांचे काम लोहार करी. या सेवेबद्दल शेतकरी सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते देत. रंधा, पटाशी, किंकरे, सामता, ऐरण व भाता ही साधने त्यामुळे कारागिराच्या घरी असत. शेतकऱ्याच्या घरात कोयता, पहार, दाभण अशी मोजकी साधने पुरत.

विसाव्या शतकात लोखंडी अवजारे व यंत्रे शेतात आली आणि ही स्थिती बदलत गेली. या बदलाचे एक महत्त्वाचे केंद्र तासगावच्या जवळच होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींच्या व्यवसायापासून सुरुवात केली. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले. १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात मिळालेल्या जागेवर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. हे गाव सध्या सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. लोखंडी नांगर, पुढे इंजिन आणि विजेचा पंप यांबरोबर नट, बोल्ट, वॉशर व पट्टे शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारात आले. अशा यंत्रांच्या साध्या देखभालीसाठी पाना आणि पकड घरीच असणे सोयीचे ठरू लागले.

हातकामाला शिक्षणात स्थान देण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. ग्रामीण विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष काम करत तंत्रज्ञान शिकावे, हा त्यामागील विचार होता.

अवजारांचे वर्गीकरण

मापन व आखणी

चुकीच्या मापाने कापलेली वस्तू पुन्हा जोडता येत नाही, म्हणून मापनाची साधने आधी घ्यावी लागतात. ५ मीटरचा टेप, ३०० मिमीची पोलादी पट्टी, काटकोन तपासण्यासाठी गुण्या, उभी रेषा पाहण्यासाठी ओळंबा आणि आडवी पातळी पाहण्यासाठी पाणसळ ही साधने सुतारकाम व गवंडीकाम या दोहोंना चालतात. यंत्राच्या भागांचे माप घ्यायचे असल्यास व्हर्निअर कॅलिपर उपयोगी पडतो.

धरण्याची साधने

नवख्यांकडून बहुधा दुर्लक्षित होणारा हा गट आहे. वस्तू एका हाताने किंवा पायाखाली धरून कापल्यास काप वाकडा जातो आणि हाताला इजा होते. त्यासाठी जड व न हलणाऱ्या टेबलाला बोल्टने पक्का बसवलेला शेगडा (वाईस) असावा. त्याच्या जबड्यांची वरची कड साधारणपणे उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला असावी. लहान कामासाठी पकड आणि दोन सी-क्लॅम्प पुरतात.

कापणे व घासणे

लाकडासाठी करवत, रंधा आणि ६, १२ व २५ मिमी रुंदीच्या पटाश्या लागतात. लोखंड, पीव्हीसी नळ्या व तारा कापण्यासाठी हॅक्सॉ वापरतात. त्याचे पाते बसवताना दात पुढच्या दिशेला ठेवतात, कारण धातू पुढे ढकलताना कापला जातो. सर्वसाधारण कामास दर इंचाला १८ किंवा २४ दातांचे, तर पातळ पत्र्यास व नळीस ३२ दातांचे पाते योग्य ठरते. कापलेल्या जागेची धार मोडण्यासाठी चपटी, अर्धगोल व गोल अशा तीन कानशी पुरतात. कानशीला घट्ट मूठ असणे आवश्यक आहे. मूठ नसल्यास तिचे टोक तळहातात घुसू शकते.

ठोकणे व जोडणे

सुमारे ५०० ग्रॅम वजनाची हातोडी, पटाशीवर मारण्यासाठी लाकडी मोगरी, चपटे व फुलीचे स्क्रू ड्रायव्हर आणि पान्यांचा संच हा या गटाचा गाभा आहे. दुतोंडी पान्यांचा प्रचलित संच ६–७ पासून ३०–३२ मिमीपर्यंतचा असतो. जुन्या इंजिनांवर इंची मापाचे नट आढळतात. त्यांना मिमी मापाचा सैल पाना लावल्यास नटाचे कोपरे झिजतात. नळाच्या कामासाठी पाइप पाना स्वतंत्र लागतो.

विद्युत अवजारे

हातातले ड्रिल यंत्र हे बहुधा घरात येणारे पहिले विद्युत अवजार असते. लाकूड, धातू व भिंत यांसाठी वेगवेगळी गिरमिटे लागतात. अँगल ग्राइंडर वेगवान असला तरी तो सर्वांत धोकादायक घरगुती अवजारांपैकी एक आहे. कापण्याच्या चकतीवरील संरक्षक झाकण काढून तो कधीही चालवू नये, तसेच तडा गेलेली चकती वापरू नये.

द्राक्षपट्ट्यातील उपयोग

तासगाव तालुका द्राक्ष व बेदाणा यांसाठी ओळखला जातो. येथे दुरुस्तीला वेळेचे बंधन असते. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस झाला, तर केवडा (डाउनी) रोगाचा प्रादुर्भाव वेगाने होतो आणि फवारणी लांबवता येत नाही. अशा वेळी नळीचा सैल क्लॅम्प, तुंबलेले नोझल किंवा तुटलेला पट्टा एवढ्या कारणाने यंत्र थांबल्यास घड धोक्यात येतात. क्लॅम्प, वॉशर, नोझल व एक जादा पट्टा हे सुटे भाग पान्यांइतकेच महत्त्वाचे ठरतात, ते याच कारणाने.

ठिबक संचासाठी नळीला भोक पाडण्याचा पंच, जोडण्या, टोकाच्या टोप्या व टेफ्लॉन टेप ठेवतात. मांडवाच्या तारा आणि बेदाणा शेडमधील जाळ्या यांच्यासाठी मजबूत पकड व तार कापण्याची कात्री लागते. छाटणीच्या कात्र्यांना धार लावण्यासाठी बारीक दगडही याच संचात ठेवणे सोयीचे असते.

प्रारंभिक संच

सर्व अवजारे एकदम विकत घेण्याची गरज नसते. पुढील साधनांनी सुरुवात करून, काम अडेल तसा संच वाढवणे किफायतशीर ठरते.

- ५ मीटर टेप, गुण्या व पाणसळ
- हातोडी
- पकड आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच
- दुतोंडी पान्यांचा संच
- हॅक्सॉ व जादा पाती
- लाकडाची करवत आणि दोन पटाश्या
- चपटी व गोल कानस
- शेगडा
- विद्युतरोधक मुठीचा टेस्टर
- संरक्षक चष्मा व प्रथमोपचार पेटी

यानंतर ड्रिल यंत्र घ्यावे. वेल्डिंग व लेथकाम मात्र बहुतेक वेळा गावातील व्यावसायिक कारागिराकडून करून घेणे स्वस्त आणि सुरक्षित असते.

सुरक्षितता

पंपाच्या स्टार्टरवर काम करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून घेतात. थ्री-फेज जोडणीत एक फेज बंद असली तरी उरलेल्या दोन चालू असू शकतात, म्हणून तिन्ही टोके तपासावी लागतात. टेस्टर आधी चालू जोडणीवर लावून तो स्वतः ठीक असल्याची खात्री करणे आवश्यक आहे. घरगुती विद्युत अवजारांच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्यास विजेच्या धक्क्याने जीव जाण्याचा धोका बराच कमी होतो.

ट्रॅक्टरवर चालणाऱ्या फवारणी यंत्राची दुरुस्ती इंजिन बंद करून आणि किल्ली काढूनच करावी. फिरत्या पीटीओ शाफ्टमध्ये टॉवेल, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर क्षणात ओढला जातो. माणसाला तो सोडवून घेण्याइतका वेळ मिळत नाही. छिन्नीचे डोके ठोकून पसरट झाले असल्यास ते घासून घ्यावे, कारण त्याचे कपचे डोळ्यात उडू शकतात.

निगा व साठवण

धार गेलेले अवजार अधिक जोर मागते आणि घसरून इजा करते. पटाशीची धार साधारण २५ ते ३० अंशांत ठेवतात व ती तेल किंवा पाणी लावलेल्या दगडावर करतात. कानशीतील कीस तारेच्या ब्रशने काढतात. पावसाळ्यात पोलादी अवजारांवर तेलाचा पातळ हात फिरवल्यास गंज धरत नाही. खते व कीटकनाशके यांच्याजवळ अवजारे ठेवू नयेत, कारण खतांतील क्षार ओलाव्यात लोखंड लवकर गंजवतात. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा रंगवून ठेवण्याची पद्धत अनेक कार्यशाळांत आढळते. तिच्यामुळे मळ्यात विसरलेला पाना संध्याकाळीच लक्षात येतो.

हे सुद्धा पहा

- बलुतेदार
- किर्लोस्करवाडी
- विज्ञान आश्रम, पाबळ
- ठिबक सिंचन
- तासगाव