उजनीच्या लाँचची कुळकथा

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. तरी करमाळा तालुक्यातल्या कुगावची माणसं लाँचवर मोटारसायकल चढवून भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यापलीकडे इंदापूरच्या कळाशीला जातात, आणि गावात त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

या लाँचचे पूर्वज साधे होते. उन्हाळ्यात भीमा पायउतार; पावसाळ्यात नाव, नाहीतर वाळल्या भोपळ्यांची सांगड. अडल्या वेळी गूळ कढवायची काहीलही पाण्यात ढकलायची. खाली पंढरपुरात कोळ्यांची होडी आजही पुंडलिकापासून गोपाळपूर, विष्णुपदापर्यंत वारकऱ्यांना नेते. 1868 साली इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यातल्या तरींसाठी कायदाच केला, म्हणजे पैलतीराला जाणं हा तेव्हाही सरकारी हिशेबातला धंदा होता.

लाँचचा खरा जन्म मात्र धरणातला. माढा तालुक्यात उजनीची भिंत 1980 साली पुरी झाली आणि भीमेचं पात्र फुगून पार दौंडकडे पसरलं. गावं उठली, वरच्या अंगाला नव्याने बसली. रेल्वेचा मार्गही हलवावा लागला. डिकसळचा जुना रेल्वेपूल मग गाड्या-ट्रॅक्टरच्या वाट्याला आला. जी गावं नदीच्या दोन काठांना समोरासमोर होती, ती एकमेकांना दिसत राहिली, पण रस्त्याने जायचं तर भिगवण नाहीतर टेंभुर्णीचा वळसा. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं पलीकडे. तेव्हा धरणाने तोडलेली वाट लोकांनी धरणाच्याच पाण्यावरून जोडली. पुनर्वसनाच्या कागदांत ही वाट कुठे मावली असती, कोण जाणे.

या लाँचचे थांबे पक्के नसतात, ही तिची खासियत. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरून धरण ‘मायनस’मध्ये गेलं की काठ खाली सरकतो आणि थांबाही त्याच्यामागे गाळात उतरतो. नाळ चिखलात रुतवायची, फळी टाकायची, आधी गाड्या चढवायच्या, मग माणसं. पाणी फारच ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. मग तिथेही होड्या लागतात. दुष्काळानेच हा थांबा दिलेला.

पाणी नदीसारखं वाटतं, पण वाऱ्याला ते समुद्रासारखं वागतं. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. एक जण पोहत काठाला लागला. काठावरच्या पिढ्या भीमेला उतार म्हणून ओळखत होत्या. मैलोगणती पसरलेल्या पाण्यावर वळवाचा वारा काय करतो, हे शिकवायला कुणी आलं नव्हतं.

आता कुगाव-शिरसोडी पुलाचं काम हाती घेतलंय. तो झाला की रोजचा उतारू गाडीवर बसून भुर्रकन निघून जाईल, आणि जावाच. केवळ जुनं म्हणून कुणी जीव टांगून पाण्यावरून जावं, हे मला पटत नाही. धंदा मात्र बुडेल असं नाही. भिगवण-कुंभारगावला मच्छीमार हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला होड्या काढतातच. इकडे करमाळ्याच्या बाजूलाही जलपर्यटनाची बोलणी चालू आहेत. त्या पाहुण्यांना लाइफ जॅकेट मिळेलच, यात शंका नाही.