फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलेली पदवी

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट एका विद्यापीठाची आहे, पण सुरुवात करूया अर्नाळ्यातून.

अर्नाळा म्हणजे विरारच्या पश्चिमेला, समुद्राला टेकलेलं गाव. समोर पाण्यात किल्ला, आणि तिथे जायचं तर होडी. आता समजा, तुम्ही इथे राहता. वय बावीस. बारावीनंतर घरच्या बोटीवर जायला लागलात. किंवा आई मासळीची पाटी घेऊन बाजाराला जाते आणि घर तुमच्या अंगावर आहे. पदवी तर हवीय. कॉलेज विरारला आहे, वसईला आहे, म्हणजे अंतराची तशी मोठी अडचण नाही. खरी अडचण वेळेची. बोट भरती-ओहोटी बघून निघते आणि कॉलेजचं टाइमटेबल काही भरती-ओहोटी बघून लागत नाही. मग वर्गातली हजेरी भरायची कधी?

साधा प्रश्न आहे. पण जवळजवळ हाच प्रश्न १८८२ मध्ये पुण्यातल्या एका माणसाने इंग्रज सरकारपुढे लेखी मांडला होता. त्या माणसाचं नाव जोतीराव फुले. त्याचं उत्तर यायला किती वर्षं लागली, ते ऐका.

थोडं मागे जाऊ. १८ जुलै १८५७. उत्तरेत उठाव पेटलेला आणि इकडे मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठंही त्याच वर्षीची. आता ‘विद्यापीठ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कॅम्पस येतो, वर्ग, लायब्ररी, कॅन्टीन. तेव्हाच्या मुंबई विद्यापीठात शिकवणं हा प्रकारच नव्हता. शिकवायचं एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांनी. विद्यापीठाचं काम परीक्षा घेणं आणि पदवी देणं. हा साचा उचलला होता लंडन विद्यापीठाकडून.

पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ ची. सव्वाशेच्या वर मुलं बसली आणि त्यातला पाव हिस्साही पास झाला नाही. १८६२ ला पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यात महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. माणसं मोठी निघाली, यात वादच नाही. पण व्यवस्था कशी होती बघा: एक मोठी चाळणी. आणि पदवीच्या परीक्षेला बसायचं तर आधी मान्यता असलेल्या कॉलेजात नाव घालून टर्म भरायला हव्यात. घरी बसून कितीही वाचा, उपयोग शून्य.

इथे एक गंमत आहे. ज्या लंडनचा साचा आपण १८५७ ला घेतला, त्या लंडनने पुढच्याच वर्षी, १८५८ ला, कॉलेजात जाण्याची ही अट बहुतेक विषयांसाठी काढून टाकली. वैद्यकीय सोडून. म्हणजे मूळ मालकाने कुलूप काढलं आणि आपण ते लावून बसलो.

आता येऊ १८८२ वर. शिक्षणाची पाहणी करायला सरकारने हंटर आयोग नेमला होता. फुल्यांनी त्याला एक निवेदन दिलं. त्यातला मुख्य मुद्दा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या पुस्तकात वाचलाय: कर भरतो शेतकरी, आणि पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, आधी बहुजनांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्या, निदान बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचं करा. हे माहीत असतं.

त्याच निवेदनात पुढे एक छोटी मागणी आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. फुले म्हणतात, मॅट्रिकला तुम्ही खासगी अभ्यास केलेल्या उमेदवारांना बसू देता ना? मग हीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्या. बी.ए., एम.ए.साठी खासगी अभ्यास मान्य केलात तर अनेक तरुण स्वतःहून अभ्यासाला लागतील आणि ज्ञान अजून पसरेल. बस, एवढंच.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबायला झालं. फुल्यांना आपण उच्च शिक्षणाच्या खर्चावर टीका करणारे म्हणून ओळखतो. पण त्यांनी पदवीला नावं ठेवली नव्हती. तिच्या दारावरच्या पहाऱ्याला ठेवली होती.

विद्यापीठाने तेव्हा ते मनावर घेतलं नाही. पुढच्या काळात विद्यापीठं वाढली ती वेगळ्या पद्धतीने, एका मोठ्या इलाख्याचे तुकडे पडत. एकेकाळी मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत कराचीपासून धारवाडपर्यंतची कॉलेजं होती. मग १९२३ ला मध्य प्रांतात नागपूर, १९४९ ला पुणे, १९५८ ला मराठवाडा, १९६२ ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. मध्ये १९१६ ला कर्व्यांनी महिलांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं, तो एका पूर्ण भागाचा विषय आहे. अंतर कमी होत गेलं, हे खरंच. पण प्रत्येक विद्यापीठाला हद्द होती, ती आजही आहे. अर्नाळा पालघर जिल्ह्यात, म्हणून ते मुंबई विद्यापीठाकडे. आणि हद्दीच्या आत वर्ग, टर्म, हजेरी हे होतंच.

फटी पडल्या हळूहळू. बहिःस्थ विद्यार्थी नावाची सोय आली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ ला पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, मुंबईने १९७१ ला. पण हे सगळं मूळ घराला काढलेल्या पडवीसारखं. अभ्यासक्रम वर्गातल्या मुलाचाच, फक्त नोट्स पोस्टाने येणार.

१ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, त्यासाठी विधिमंडळाने वेगळा कायदा केला. पहिले कुलगुरू राम ताकवले. भौतिकशास्त्राचे माणूस, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ब्रीदवाक्य ठरलं ‘ज्ञानगंगा घरोघरी’. नाव यशवंतरावांचं; मराठवाडा आणि शिवाजी ही दोन्ही विद्यापीठं निघाली तेव्हा मुख्यमंत्री तेच होते.

याची रचना नीट समजून घ्या, कारण खरा फरक तिथेच आहे. या विद्यापीठाची हद्द म्हणजे अख्खा महाराष्ट्र. मुख्यालय नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला. त्याखाली मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती अशी विभागीय केंद्रं, आणि त्यांच्या खाली गावोगावची अभ्यासकेंद्रं. ही केंद्रं बहुतेक करून आधीच असलेल्या कॉलेजांत चालतात. इमारत त्यांची, शिकवणारेही बऱ्याचदा तिथलेच, वर्ग रविवारी वगैरे. त्यांना संपर्कसत्र म्हणतात. आपल्या एसटीसारखं समजा. दर गावाला डेपो बांधत बसले असते तर झालं नसतं. रस्ता आहे ना, मग गाडी पाठवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक. मुक्त विद्यापीठाचं पुस्तक असं लिहायचं असतं की शिक्षक समोर नसतानाही ते शिकवेल. छोटे घटक, मध्ये प्रश्न, मागे उत्तरं, सोपं मराठी. १८५७ च्या विद्यापीठातही वर्ग नव्हते आणि १९८९ च्यातही नाहीत, असं वरवर वाटेल. पण पहिलं म्हणत होतं, कुठूनतरी शिकून या, मी तपासतो. दुसऱ्याने शिकवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

दारही रुंद केलं. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. तो पास झालात की पदवीला प्रवेश. शाळा सुटलेल्या कितीतरी बायका, कामगार, पोलीस, अंगणवाडी सेविका या वाटेने आल्या. बारावीशिवायची अशी पदवी सगळीकडे धरायची की नाही, यावरून नंतर वादही झाले. (तुम्ही प्रवेश घेणार असाल तर नियम चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच बघा, माझ्या पॉडकास्टवर जाऊ नका!)

सगळं गोड आहे का? नाही. दूरशिक्षणात गळती जगभर जास्त असते; एकट्याने पुस्तक घेऊन बसणं कठीण, आणि दिवसभर राबून आलेल्याला तर जास्तच. अभ्यासकेंद्र चांगलं निघालं तर नशीब, नाहीतर रविवारचा वर्ग कागदावरच. आणि ‘मुक्तमधून केलंय का?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, तो सूर तुम्हीही ऐकला असेल. मला त्याचा राग येतो. टर्म भरलेल्याची पदवी खरी आणि रात्री जागून केलेल्याची हलकी, हा हिशोब १८५७ चाच आहे.

१८८२ ते १९८९, मोजा. १०७ वर्षं. आणि फुल्यांची दुसरी मागणी, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची? तो देशभराचा हक्काचा कायदा २००९ ला आला, म्हणजे आणखी वीस वर्षांनी. पदवीचं दार आधी उघडलं आणि पहिलीच्या वर्गाचं नंतर. फुल्यांनी क्रम उलटा सांगितला होता.

अर्नाळ्याच्या आपल्या बावीस वर्षांच्या दोस्ताकडे परत येऊ. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. जाळी दुरुस्त करायची ती घरीच. पुस्तक उघडायला वर्षातला सगळ्यात बरा वेळ हाच. फक्त परीक्षा बहुधा त्याच्या आसपास, मे-जूनमध्ये येते, म्हणजे अभ्यास करायचा तो हंगाम जोरात असताना. नाशिकच्या टाइमटेबलला अजूनही भरती-ओहोटी कळत नाही.

पुढच्या भागात कर्व्यांचं महिला विद्यापीठ. तोवर, तुमच्या घरात कुणी ‘मुक्त’मधून शिकलं असेल तर त्यांना विचारा, पुस्तक कधी वाचायचे. उत्तर मला कळवा.